घर-सजावटीच्या प्रदर्शनात जुन्या वस्तू आणि बागेचं सामान घेताना या चुका टाळा

दिवाळी सरली की उन्हाचा चटका सुरू होईपर्यंत छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे घर-सजावटीची प्रदर्शनं भरत राहतात. मॉड्युलर किचन आणि सोलरच्या स्टॉलवरून पुढं गेलं की एका रांगेत पितळी घंगाळं, समया, पानडबे, कंदील, वाड्याच्या चौकटी मांडलेल्या असतात आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत दगडी दिवे, कारंजी, मातीच्या कुंड्या. गर्दी या दोन ठिकाणी सगळ्यात जास्त थांबते आणि पैसेही इथंच सगळ्यात जास्त वाया जातात. वस्तू कुठून आली आणि आपल्या घरी ती कुठं जाणार, हे दोन प्रश्न विचारले जात नाहीत म्हणून. खालच्या बहुतेक चुका यातल्याच एका प्रश्नाला बगल दिल्यानं होतात.

काळपट दिसतं म्हणजे जुनं, असं धरून चालणं

नव्या पितळेला आम्लात बुडवून दोन दिवसांत काळं-हिरवं करता येतं. असं भांडं सगळीकडून सारखंच काळवंडलेलं असतं. खऱ्या वापरातलं भांडं तसं नसतं. कडी, काठ, जिथं हात लागतो त्या जागा गुळगुळीत आणि उजळ राहतात, नक्षीच्या खाचेत मात्र काळपटपणा साचतो. ओला रुमाल तळाला घासून पाहा. रुमालाला हिरवा-काळा रंग लागला तर तो चढवलेला आहे.

भांडं उलटं करायला लाजू नका. जुन्या हंड्या-घागरींत वरचा आणि खालचा भाग वेगळा घडवून झाळलेला असतो. त्या सांध्यावर दातेरी रेघ दिसते आणि अंगावर ठोक्याच्या खुणा असतात. त्या अगदी एकसारख्या, रांगेत आल्यासारख्या असतील तर यंत्राचं काम समजा. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. ते चिकटलं तर आत लोखंड आहे, वर पितळेचा मुलामा. चिकटलं नाही म्हणून लगेच पितळ ठरवू नका, कारण ॲल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. तिथं वजन सांगतं. स्टॉलवरच्या पिवळ्या दिव्यात सगळंच सोन्यासारखं दिसतं, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावा किंवा वस्तू उजेडात न्या.

भांड्यावर कोरलेलं नाव असेल तर ते नीट वाचा. लग्नात दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव, कधी साल घातलेलं असतं. निजामाच्या मुलखात ते कधी उर्दूतही सापडतं. त्या वस्तूचा जन्मदाखलाच तो. दुकानदार मशीनवर पॉलिश करून देतो म्हणाला तर नको म्हणा. फिरत्या चाकाखाली ही अक्षरं पुसट होतात आणि एकदा गेलेली परत येत नाहीत. घरी चिंच-मीठ लावून हातानं घासणं पुरे.

बिदरीला मात्र चिंच लावू नका. बिदरचं हे काम आपल्याकडंही चालतं, त्यामुळं संभाजीनगरच्या बहुतेक प्रदर्शनांत सुरई, फुलदाणी दिसतेच. जस्त आणि थोड्या तांब्याच्या मिश्रधातूत चांदीची तार ठोकून बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर वापरून पार्श्वभूमी काळी करतात. आंबट पदार्थानं ते काळेपण उडतं. कोरड्या मऊ कापडानं पुसा, फिकं पडलं तर खोबरेल तेलाचा हलका हात द्या. घेताना नक्षीवरून नख फिरवा. चांदी पृष्ठभागाशी सपाट बसलेली असेल तर नख अडत नाही. रंगानं काढलेली नक्कल असेल तर रेघ उंचावलेली जाणवते.

ग्रामोफोन आणि रामाची नाणी

चकचकीत पितळी कर्णा, कोरी अष्टकोनी पेटी आणि वर एच.एम.व्ही.चं कुत्र्याचं चित्र, असा ग्रामोफोन जवळपास प्रत्येक प्रदर्शनात असतो. यातले बहुतेक हल्ली जुळवलेले असतात. जुनी मोटर आत घालतात, बाकी सगळं नवं. दिवाणखान्यात शोभेला हवा असेल तर शोभेच्या वस्तूच्या भावानं जरूर घ्या. आजोबांच्या तबकड्या मात्र त्यावर लावू नका, सुई धरणाऱ्या जड दांड्यानं आणि बोथट सुईनं त्या खरवडल्या जातात.

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि रामदरबार किंवा हनुमान, असं नाणं कोणी दाखवलं तर बोलणंच थांबवा. कंपनीनं असं नाणं चलनात कधीच काढलं नाही. आपल्या भागात खरोखर चालायचा तो निजामाचा हाली सिक्का. पुढच्या काळातल्या रुपयावर चारमिनार असतो. त्याच्याही नकला निघतात, म्हणून वजन आणि काठ पाहणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका.

गावचा दगड बागेत आणणं

ही चूक सगळ्यात गंभीर आहे, म्हणून इथं सविस्तर सांगावंसं वाटतं. मराठवाड्यात यादवकाळातली मंदिरं, बारवा, वेशी अजून गावोगाव उभ्या आहेत आणि त्यांचे दगड विखुरलेले आहेत. बागेच्या सजावटीच्या नावाखाली त्यातलेच काही विकायला येतात. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड, ओळखायला सोपा आहे. उभ्या दगडावर एकावर एक चौकटी असतात. खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. असे दगड त्या गावच्या माणसांच्या आठवणी आहेत. लॉनच्या कडेला दिवे सोडून फोटो काढायला ते घडवलेले नाहीत.

कायदाही स्पष्ट आहे. पुरावशेष व कला निधी अधिनियम १९७२ सालचा. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, कोरीव दगड, नाणं यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि अशी वस्तू परदेशी नेता येत नाही. म्हणून विक्रेता मोठ्या कौतुकानं “दीडशे वर्षांची आहे, साहेब” म्हणाला की त्याला परवाना दाखवायला सांगा. परवाना नसेल तर एक तर वस्तू तेवढी जुनी नाही, किंवा ती विकायचा त्याला हक्क नाही. दोन्ही बाबतींत तुम्ही पैसे द्यायचं कारण नाही. वाड्यातून निघालेली सांबराची शिंगं आणि हस्तिदंती मुठीच्या काठ्या यांनाही हात लावू नका. त्यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे.

दगडी दिवा हवाच असेल तर आजच्या पाथरवटाकडून नवा घडवून घ्या. आपला काळा पाषाण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. फक्त सिमेंटच्या साच्यातल्या वस्तूला काळा रंग देऊन पाषाण म्हणून विकतात, तिकडं लक्ष असू द्या. तळाची कड पाहिली की आतला राखाडी रंग आणि हवेचे बुडबुडे दिसतात.

चौकटी, दारं, कडीपाट

१९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगड-मातीच्या माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घराची, धास्ती बसली. वाटण्याही झाल्या आणि पुष्कळ वाडे उतरवले गेले. त्यातलं सागवान आज प्रदर्शनात येतं. चांगलं लाकूड आहे, पण मागची बाजू बघा. बारीक भोकं आणि त्यांतून गळणारा पिठासारखा भुसा दिसला तर किडा अजून जिवंत आहे. ती चौकट घरी आणलीत तर तो शेजारच्या कपाटातही जाईल. भोकं जुनी असतील आणि ठोकल्यावर भुसा पडत नसेल तर भीती नाही. दारावर जुन्या रंगाचे थर असतील तर ते कोरडे घासू नका, जुन्या रंगांत शिसं असायचं. नाका-तोंडाला मास्क लावून ओल्या पॉलिश पेपरनं काढा आणि लेकरांना त्या जागेपासून लांब ठेवा. जुन्या झुंबराची आणि दिव्यांची वायर मात्र न बघता बदलून टाका.

बागेची वस्तू प्रदर्शनाच्या हिरवळीवर पाहून घेणं

तिथं गालिचा अंथरलेला असतो, वर मांडव असतो. आपल्याकडं काळी माती आणि चाळिशी ओलांडणारं ऊन.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि चैत्र-वैशाखात भेगाळते. तिच्यावर थेट ठेवलेलं दगडी वृंदावन, कारंजं किंवा दीपस्तंभ दोन वर्षांत कलतो. लोक दगडाला दोष देतात, दोष खालच्या मातीचा असतो. त्या जागची दीड-दोन फूट काळी माती काढा, थराथरानं मुरूम भरा, पाणी मारून धुमस करा, वर फरशी बसवून मग वस्तू ठेवा. आधीच कललेली असेल तरी उपाय हाच. फटीत सिमेंट ओतून ती सरळ राहत नाही.

फायबरचे हरीण-बगळे पश्चिमेच्या उन्हात ठेवले की रंग उडतो आणि अंगाला पांढरी भुकटी सुटते. झाडाच्या सावलीत किंवा पूर्वेला ठेवा. ओतीव लोखंडी बाक एप्रिलमध्ये दुपारी बसण्याजोगा राहत नाही, सावली नसेल तर घेऊच नका.

मातीची कुंडी बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली. बद्द वाजली तर कच्ची आहे किंवा तडकलेली आहे, पहिल्या पावसात तिचे पापुद्रे निघतील. तळाला छिद्र आहे का तेही बघा. नंतर अंगावर पांढरे डाग उठले तर कुंडीला नावं ठेवू नका. बोअरच्या पाण्यातला क्षार आहे तो. लिंबाच्या पाण्यानं घासला की जातो.

पितळी घंगाळात झाड लावायची सध्या फार हौस आहे. त्यासाठी घंगाळाला छिद्र पाडू नका, सरळ माती-खतही भरू नका. ओल्या खतानं पितळ कळकतं. झाड प्लॅस्टिकच्या कुंडीत लावा आणि ती कुंडी घंगाळात ठेवा.

कारंजं घेण्याआधी पाण्याचा विचार करा. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे विसरण्यासारखं नाही. त्यापेक्षा पाखरांसाठी उथळ दगडी कुंडं घ्या, थोड्या पाण्यात भागतं. कारंजं आधीच घरी असेल आणि पंप अडखळत असेल तर बहुधा क्षाराचा थर बसलेला असतो. पंप काढून व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवा. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसा आणि कडाही घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून देऊन ती जात नाहीत.

माप, बिल आणि वाहतूक

अंगणाचं, दाराचं आणि जिन्याच्या वळणाचं माप लिहून न्या. टेप जवळ असू द्या. बिलावर धातू काय, वस्तू जुनी की नवी, हे लिहून मागा. तोंडानं शंभर वर्षं सांगणारा लिहायच्या वेळी कचरतो आणि तुम्हाला उत्तर मिळतं. जड दगडी सामान शेवटच्या दिवशी संध्याकाळी विचारा. ते परत गाडीत भरण्यापेक्षा विक्रेता भाव कमी करतो. पोहोच कोण देणार आणि वाटेत फुटलं तर भरपाई कोणाची, हे मात्र पैसे देण्याआधी ठरवून घ्या.