व्यायाम आणि शुगर: कधी मोजायची, कधी खायचं, कधी थांबायचं

पहिल्यांदा जोर लावून वजनं उचलली त्या दिवशी घरी येऊन बोट टोचलं तर शुगर १४२ ची १८८ झालेली. त्याआधी तीन वर्षं रोज चालायचो आणि चालून आलं की शुगर उतरलेलीच दिसायची, त्यामुळे हे भलतंच काय झालं म्हणून आठवडाभर वजनांना हातच लावला नाही. तिथे माझं चुकलं. आकडा का वाढला हे कळलं असतं तर थांबायची काही गरजच नव्हती. डायबिटीसवाल्याला सगळे "व्यायाम कर" एवढंच सांगतात, पण व्यायाम चालू असताना आत नक्की काय होतं ते सहसा कुणी समजावून सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. एरवी या कामाला इन्सुलिन लागतं, पण चालू असलेला स्नायू इन्सुलिनची वाट बघत नाही, त्याचं दार त्या वेळी आपलं आपण उघडतं. म्हणून तर ज्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही त्यांनाही व्यायामाचा फायदा होतो. भरभर चालणं, सायकल, पोहणं असं काही सलग केलं की शुगर साधारण खाली येते. पण जीव तोडून पळालात किंवा खूप जड वजन उचललंत की शरीर त्याला आणीबाणी समजतं, अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, स्नायू वापरतात त्याच्यापेक्षा जास्त. ही वाढ बहुतेक वेळा तासा-दोन तासांत उतरते. तेवढ्यात घाबरून मनानेच जादा इन्सुलिन मारू नका, मागाहून शुगर धाडकन पडते.

आता आधी आपली औषधं बघा, कारण सगळ्यांना सारखीच भीती नाही. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर व्यायामाने शुगर लो व्हायची शक्यता फारच कमी. इन्सुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असल्या गोळ्या असतील तर मात्र पुढचं सगळं नीट वाचा, कारण या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात आणि तुम्ही पळताय म्हणून त्या थांबत नाहीत.

निघायच्या आधी मोजा. (आकडे सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे, मीटरवर येतात तेच.) इन्सुलिन किंवा वरच्या गोळ्या असतील आणि शुगर ९० च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, मग सुरू करा. २५० च्या वर असेल आणि टाइप १ (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तो डायबिटीस) असेल तर कीटोन (साखरेऐवजी चरबी जाळताना शरीरात तयार होणारे पदार्थ) तपासल्याशिवाय व्यायाम नाही. कीटोन असतील तर शरीरात इन्सुलिन कमी पडतंय असा त्याचा अर्थ, आणि अशा वेळी व्यायामाने शुगर आणि कीटोन दोन्ही आणखी वाढतात. कालच शुगर खूप लो होऊन दुसऱ्या कुणाला मदत करावी लागली असेल तर आज सरळ आराम करा, कारण एकदा मोठा हायपो (म्हणजे शुगर फार लो होणं) झाला की पुढचा येताना शरीर नीट इशारा देत नाही. आणि ज्या मांडीने सायकल चालवणार त्याच मांडीत निघायच्या तोंडावर इन्सुलिन घेऊ नका, तिथून ते भराभर शोषलं जातं.

खिशात साखर पाहिजेच, पाच मिनिटांसाठी जात असलात तरी. हात थरथरणं, घाम, धडधड, एकदम भूक, डोकं न चालणं, यातलं काही झालं की जागच्या जागी थांबा, मोजा, आणि ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर घ्या, म्हणजे साधारण तीन-चार चमचे साखर पाण्यात किंवा अर्धा ग्लास फळांचा ज्यूस, १५ मिनिटं थांबा, परत मोजा, अजून लो असेल तर परत तेच. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. व्यायामात घाम आणि धडधड तशीही असतेच त्यामुळे गोंधळ होतो, शिवाय बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड जाणवतच नाही, म्हणून शंका आली की मोजायचंच. मोजायला मीटर जवळ नसेल तर आधी साखर खा. दंडाला सतत शुगर मोजणारा सेन्सर असेल तर एवढं लक्षात ठेवा की तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, शुगर भरभर पडत असताना तो ९५ दाखवेल आणि प्रत्यक्षात तुम्ही त्याच्या बरेच खाली असाल.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते रात्रीबद्दल. व्यायाम संपला म्हणून परिणाम संपत नाही. स्नायूंनी आपला साठा खर्च केलेला असतो, तो भरायला ते पुढे कितीतरी तास रक्तातली साखर घेत राहतात, आणि इन्सुलिनही दिवसभर, कधी दोन दिवसही जास्त चांगलं लागू पडतं. फायदा हाच आहे, आणि धोकाही यातच आहे. संध्याकाळी नेहमीपेक्षा दुप्पट चाललात, रात्रीचा डोस तोच घेतला, की पहाटे तीनला घामाने अंथरूण भिजून जाग येते. माझ्या बाबतीत हे झालंय, आणि घरच्यांना जाग आली नसती तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. तेव्हापासून जास्त व्यायामाच्या दिवशी झोपताना मोजतोच, आणि डॉक्टरांशी बोलून त्या दिवसाचा डोस आधीच ठरवून घेतलाय. दारू घेणाऱ्यांनी तर फारच जपा, दारूमुळे लिव्हर साखर सोडायला कचरतं.

वेळेचं म्हणाल तर जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललं तरी जेवणानंतरचा आकडा कमी येतो, करून बघा. आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोन-तीनदा ताकदीचा, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको, कारण इन्सुलिन जास्त चांगलं लागू पडण्याचा परिणाम तेवढाच टिकतो. टाइप १ वाल्यांनी एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर आधी वजनं आणि मग पळणं असा क्रम ठेवून बघावा, शुगर कमी घसरते.

पावलांना मुंग्या किंवा बधीरपणा असेल तर बूट नीट मापाचे घ्या आणि आल्यावर रोज तळवे बघा, फोड आला तरी कळत नाही. डोळ्यांच्या पडद्यावर डायबिटीसचा परिणाम झालेला असेल तर जड वजनाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं तर व्यायाम तिथेच बंद आणि लगेच दवाखाना.

दोन आठवडे वहीत लिहा: काय केलं, किती वेळ, आधीची शुगर, नंतरची, झोपतानाची. तीच वही पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांसमोर ठेवा, डोस बदलायचा की नाही ते त्यांना त्यातूनच कळेल.