खो-खोच्या सरावात चपळाई कशी आणावी: १० ते १४ वयोगटाच्या प्रशिक्षकांसाठी

सराव सुस्त वाटला की कडेवरून "चला, लवकर, पळा!" असा आरडाओरडा सुरू होतो. त्याने वेग वाढत नाही, फाउल वाढतात. बसलेल्या मुलाला मागून येणारा खो आणि कडेवरून येणारं "लवकर" दोन्ही ऐकू येतं. घाबरून तो खो मिळण्याआधीच उठतो. मैदानावर सगळ्यांत मोठा आवाज खोचाच हवा. घाई मांडणीतून येऊ द्या.

आधी ताटकळणं संपवा. २० मुलं असताना पूर्ण डाव लावला तर ९ जण पाठलागाला, ३ पळायला आणि उरलेले ८ कडेला माती उकरत बसतात. त्याऐवजी मैदानाच्या मध्यावर चुन्याची आडवी रेघ मारा आणि प्रत्येक खांबापाशी १० मुलं घ्या. ४ बसलेले, १ पाठलाग करणारा, २ पळणारे. उरलेल्या तिघांपैकी एकाकडे स्टॉपवॉच, दुसऱ्याकडे फाउल टिपायचं काम. तिसरा कडेला तयार, गडी बाद झाला की लगेच आत. पळणाऱ्याने मधली रेघ ओलांडली तर तो बाद. पाठलाग करणाऱ्यासाठी ती रेघ खांबासारखीच, तिथे दिशा बदलता येते. ४० सेकंदांनी शिट्टी, मग २० सेकंदांत सगळे एकेक जागा पुढे. अशा ६ फेऱ्या झाल्या की २ मिनिटं पाणी आणि दम.

पळापळीच्या आधी १० मिनिटं फक्त खो. पळणारे नकोत. बसलेल्याचा एक पाय पुढे, मागच्या पायाची टाच उचललेली, बोटांची टोकं जमिनीला. देणाऱ्याचा तळवा पाठीवर पडतो त्याच क्षणी "खो" ऐकू आला पाहिजे. घाईत मुलं आधी हात लावतात आणि पुढे गेल्यावर ओरडतात, कारण धापा टाकताना श्वास उरलेला नसतो. म्हणून शेवटच्या दोन पावलांआधी श्वास घ्यायला सांगा. काही जण हात लावण्याऐवजी ढकलतात. मग उठणारा तोंडावर जातो आणि पहिली दोन पावलं तोल सावरण्यातच जातात. आधी चालत, मग निम्म्या वेगाने, मग पूर्ण वेगाने. ४० सेकंदांत स्वच्छ खो किती झाले ते मोजा. आकडा कळला की मुलं स्वतःहून घाई करतात.

तुमचं बोलणं फेऱ्यांच्या मधेच, तेही २० सेकंदांत आणि एकच गोष्ट. खेळ चालू असताना हाक द्यायचीच असेल तर आधी नाव, मग काम: "सई, खांब!" नावाशिवाय दिलेली सूचना कुणाचीच नसते.

शेवटी घड्याळ लावा. "एक गडी कमी आहे, ३० सेकंद उरलेत" एवढं सांगून डाव सुरू करा आणि १० सेकंद उरल्यावर मोठ्याने उलटे आकडे मोजा. इथे ताणामुळे मुलं नियम विसरतात: एकदा दिशा घेतल्यावर मागे फिरतात, मधली पाटी (दोन खांबांमधला, मुलं बसतात तो पट्टा) ओलांडतात. प्रत्येक फाउलला ५ सेकंद कापा. मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा मात्र कधीही देऊ नका. ज्या खेळात पळणं हाच आनंद आहे, तिथे पळण्याचीच शिक्षा केली तर मूल पळायलाच कंटाळतं.

खांबावरचा सूर, म्हणजे खांबापाशी अंग झोकून गडी बाद करणं, या घाईत आणू नका. माती उकरून मऊ केलेली नसेल आणि पडण्याचं तंत्र पक्कं नसेल तर कोपर, हनुवटी हमखास फुटते. मार्च ते मे महिन्यांत सराव सकाळी साडेसातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. चक्कर, मळमळ, डोकेदुखी दिसली की मूल सावलीत, अंगावर ओली फडकी. बोलणं असंबद्ध झालं तर अंग गार करत थेट दवाखाना.

फेरी कधी थांबवायची हे खोच्या आवाजावरून कळतं. आवाज पडला, पलीकडच्या खांबापर्यंत पोहोचेना, की घड्याळात वेळ उरला असला तरी शिट्टी वाजवा. वहीत तारीख, ४० सेकंदांतले खो आणि फाउल लिहा. दुसऱ्या दिवशी सराव त्याच आकड्यापासून सुरू करा.