जिनिंगच्या काट्यावर वायफाय तुटायचं, ते असं थांबलं

यवतमाळ जिल्ह्यातली जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. ऐन हंगामात काटापावतीचा टॅबलेट दिवसातून चार-पाचदा वायफाय सोडायचा. सिग्नलच्या काड्या पूर्ण, पण पावती निघेना.

सगळं वायफाय एका जागेवरून सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये एआय चालू होतं. ते शेजारचे सिग्नल, गर्दी आणि पुन्हा पाठवावी लागणारी पॅकेट (माहितीचे तुकडे) मोजून चॅनेल (सिग्नलची पट्टी) व पॉवर स्वतः ठरवतं. कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली की टिनाच्या शेडमधलं चित्र बदलतं. एआय भरदिवसा चॅनेल बदलायचं अन् टॅबलेट सुटायचा. त्यावर पॉवरही पूर्ण चढवलेली. खरी मेख इथं होती: अ‍ॅक्सेस पॉइंटचा, म्हणजे वायफाय सोडणाऱ्या डब्याचा, आवाज टॅबलेटला ऐकू येतो, टॅबलेटचा क्षीण आवाज तिकडे पोचत नाही.

एआय बंद केलं नाही, वेसण घातली. २.४ गिगाहर्ट्झवर फक्त १, ६, ११ हे चॅनेल, रुंदी २० मेगाहर्ट्झ, पॉवर जास्तीत जास्त १४ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक). ५ गिगाहर्ट्झवर पॉवर १७ डीबीएमपर्यंत. चॅनेल बदलायची मुभा रात्री २ ते ४.

तरी आठवडाभर फरक नाही! रात्री लाइन जायची, त्या वेळेत यंत्रणाच बंद, म्हणून चॅनेल बदलायचाच राहायचा. पीओई स्विच (केबलमधूनच वीज देणारा), राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यूपीएसवर घेतले, तेव्हा जमलं.

काट्यापाशी टॅबलेटवर उणे ६७ डीबीएमपेक्षा कमजोर (उणे ७० वगैरे) सिग्नल दिसला तर पॉवर वाढवू नका, अ‍ॅक्सेस पॉइंट जवळ आणा. काट्याचा कॉम्प्युटर केबलवरच बरा.