एचआरटी परत सुरू करायचीय? जुनी चिठ्ठी बाजूला ठेवा, आधी पाळी गेल्याचं वर्ष लिहा

मैत्रिणींनो, हे त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांनी पाळी गेल्यावर हॉर्मोनची औषधं (म्हणजेच एचआरटी) काही वर्षं घेतली, मग काही कारणाने बंद केली, आणि आता पंचावन्न-साठीत परत घ्यावीत का असं मनात चाललंय. मी स्वतः यातून गेलेय आणि पहिल्या वेळी चुकीचं केलंय, म्हणून आधी तेच सांगते.

माझी शेवटची पाळी एप्रिल २०१६ ची, तेव्हा मी ४९ ची होते. वर्षभर थांबून २०१७ मध्ये एचआरटी सुरू केली, तीन वर्षं घेतली, झोप लागायला लागली, लोकलमध्ये उभ्या उभ्या अंगातून वाफा यायच्या त्या गेल्या. मग मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, मुलुंडहून डॉक्टरांकडे जाणं बंद झालं, औषध संपलं आणि ते तसंच सुटलं. मधे बरी दोन वर्षं गेली, मग हळूहळू सगळं परत आलं, रात्री दोन-तीनदा गाउन बदलायचा, सांधे आखडलेले, चिडचिड. २०२५ मध्ये मी कपाटातली जुनी फाइल काढली. चिठ्ठीवर दोन औषधं होती, सकाळी इस्ट्रोजेनची गोळी आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. रात्रीच्या कॅप्सूलने मला गुंगी यायची म्हणून मी फक्त सकाळचीच गोळी आणली, घराजवळच्या मेडिकलमध्ये जुन्या चिठ्ठीवर मिळालीसुद्धा. पाच आठवड्यांनी ब्लीडिंग सुरू झालं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ९ मिलिमीटर, मग बायोप्सी, मग रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस. रिपोर्ट चांगला आला, पण ते आठ दिवस कुणावर येऊ नयेत.

त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. परत सुरू करणं म्हणजे सोडलेलं पुढे चालू करणं नाही. मधल्या काळात तुमचं वय वाढलं, रक्तवाहिन्या बदलल्या, बीपी-शुगर आली असेल, म्हणून तुम्ही नवीन पेशंट आहात असं धरूनच सगळं पहिल्यापासून करायचं.

तर आधी एक कागद घ्या आणि शेवटची पाळी कधी आली ते वर्ष लिहा, त्या वर्षापासून आज किती वर्षं झाली ते मोजा. औषध कधी बंद केलं तिथपासून मोजायचं नाही, पाळी गेली तिथपासून. ही मोजणी एवढी महत्त्वाची का ते सांगते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासातला दोन हॉर्मोनचा भाग मधेच थांबवला होता आणि त्यानंतर जगभर बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. त्यात रोज दोन हॉर्मोन घेणाऱ्यांमध्ये दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ८ केसेस जास्त, पक्षाघाताच्या ८ जास्त, हृदयविकाराच्या ७ जास्त निघाल्या, आणि खुब्याची हाडं मोडण्याच्या ५ कमी. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा वर्षांच्या वर झाली होती. नंतर वयाप्रमाणे आकडे परत तपासले तेव्हा दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करणाऱ्यांचं चित्र बरंच वेगळं आहे, त्यांच्यात सहसा फायदा जास्त आणि धोका कमी. म्हणून आज डॉक्टर आधी हे दोन आकडे बघतात, साठ आणि दहा.

माझं नववं वर्ष होतं, वय ५८, म्हणजे दार अजून उघडं होतं. माझ्या मोठ्या जाऊबाईंचं वय ६७ आणि पाळी जाऊन वीस वर्षं, त्यांना मी करते तेच करा असं मी कधीच सांगणार नाही. पासष्टीनंतर दोन हॉर्मोन सुरू केलेल्या बायकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण जवळजवळ दुप्पट दिसलं होतं, आणि रक्ताची गुठळी, पक्षाघात यांचा धोका वयाबरोबर तसाही वाढतोच. पण याचा अर्थ जाऊबाईंनी सोसत बसायचं असाही नाही, त्यांचं पुढे सांगते. आणि हो, जी बाई खंड न पडता घेत आलीये तिने फक्त ६५ झाली म्हणून त्याच दिवशी बंद करायला पाहिजे असंही नाहीये, तिचा हिशोब दरवर्षी डॉक्टरांसोबत बसून करायचा.

दुसरी गोष्ट, पिशवी. आपल्याकडे कितीतरी जणींना विचारलं तर "माझी पिशवी काढलीये" एवढंच सांगता येतं, अंडाशय ठेवले की काढले ते माहीत नसतं. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा, त्यावर बीएसओ असं लिहिलं असेल तर दोन्ही अंडाशय आणि नळ्या काढल्यात. पिशवी नसेल तर साधारण फक्त इस्ट्रोजेन पुरतं. पिशवी असेल तर प्रोजेस्टेरॉन लागतंच, कारण नुसत्या इस्ट्रोजेनने आतलं अस्तर वाढत जातं आणि त्यातून पुढे कॅन्सरसुद्धा होऊ शकतो. मी नेमकं हेच विसरले होते. गुंगी येते तर कॅप्सूल सोडायची नाही, झोपताना घ्यायची, आता मला ती गुंगी झोपेसाठी चांगलीच वाटते.

आता त्रास खरंच पाळीचा आहे का ते बघा. मुंबईत मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे दोन-तीन आठवडे वहीत नोंद करा, किती वाजता, पंखा-एसी चालू असताना आला का, छातीतून वर चेहऱ्याकडे गरम लाट आली का, धडधड झाली का, किती मिनिटं टिकलं. पाळीची वाफ सहसा काही मिनिटांत जाते आणि मागून थंडी वाजते. पण रात्री घामाबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, खोकला असं असेल तर हॉर्मोनचा विचार बाजूला ठेवा आणि आधी टीबीची तपासणी करा, आपल्या शहरात हे विसरून चालत नाही. थायरॉइडचं हॉर्मोन जास्त झालं असेल तरी असाच घाम येतो, मधुमेहाच्या औषधाने शुगर उतरली तरी येतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी सहा महिने पाळीचाच त्रास समजून काढले आणि निघालं थायरॉइड.

डॉक्टरकडे जाताना ही वही, जुनी फाइल, सगळ्या चालू औषधांच्या स्ट्रिप्स (शतावरी, सोयाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्यासुद्धा) एका पिशवीत टाकून न्या. खाजगी गायनॅक परवडत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर या हॉस्पिटलांत स्त्रीरोग ओपीडी आहे, परळला वाडिया मॅटर्निटी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, वेळ जातो पण तपासण्या होतात. एका ठिकाणी मला "या वयात आता हे कशाला" असं ऐकावं लागलं, तुम्हालाही ऐकायला मिळेल. अशा वेळी रडू येतं हे मला माहितीये, पण वही पुढे करा आणि विचारा, माझ्या बाबतीत न देण्याचं नेमकं कारण काय? कारण असेल तर ते समजून घ्या, नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, तो आपला हक्क आहे.

खरी कारणं कोणती तर, स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला, लिव्हरचा चालू आजार, आणि कारण न कळलेलं ब्लीडिंग. यातलं काही असेल तर स्वतःहून काहीही सुरू करू नका, आणि टाटा कॅन्सर हॉस्पिटलची फाइल असेल तर तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रीमसुद्धा नाही. औषध चालू नसताना, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी आधी सोनोग्राफी, अस्तर ४ मिलिमीटरच्या वर असेल तर सहसा पुढची तपासणी सांगतात.

सुरू करण्याआधी माझ्याकडून बीपी, वजन, शुगर, कोलेस्टेरॉल, लिव्हर, मॅमोग्राफी, पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) आणि सोनोग्राफी एवढं करून घेतलं, हाडांसाठी डेक्सा स्कॅनही. डेक्साचा टी-स्कोर उणे २.५ किंवा त्याच्या खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, आणि इस्ट्रोजेन बंद केल्यावर हाडांची झीज परत सुरू होते, त्यामुळे मधे खंड पडलेल्यांनी हे जरूर विचारावं. एफएसएच वगैरे हॉर्मोनच्या महागड्या टेस्टची मात्र या वयात सहसा गरज नसते, पाळी गेलीये हे आपल्याला माहितीच आहे.

मग प्रश्न येतो गोळी की जेल. यावर थोडं जास्त लिहिते कारण खंडानंतर सुरू करणाऱ्यांना इथेच सगळ्यात मोठा फरक पडतो. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरमधून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात, म्हणून गोळीने गुठळीचा धोका वाढतो आणि तो पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त असतो. त्वचेतून जाणारं, म्हणजे जेल किंवा पॅच, लिव्हरला वळसा घालून थेट रक्तात जातं, नेहमीच्या डोसमध्ये त्याने गुठळीचा धोका वाढलेला दिसलेला नाही. वजन जास्त असेल, बीपी असेल, वय साठीकडे झुकलं असेल तर डॉक्टरांना जेलबद्दल स्वतःहून विचारा. अजून एक, थायरॉइडची गोळी चालू असेल आणि इस्ट्रोजेन तोंडाने सुरू केलं तर थायरॉइडचा डोस वाढवावा लागू शकतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची टेस्ट परत करा. जेलला हा प्रश्न सहसा येत नाही.

मी या वेळी जेल घेतलं, कमीत कमी डोसवर, आणि रात्री १०० मिलिग्रॅमची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. काही ब्रँडच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, अ‍ॅलर्जी असेल तर मेडिकलवाल्याकडून घटक वाचून घ्या. जेल लावायची पद्धत अशी की आंघोळ झाल्यावर अंग पूर्ण कोरडं करायचं, दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरायचं, चोळत बसायचं नाही, छातीवर अजिबात नाही. पाच मिनिटं सुकू द्यायचं, मग कपडे. हात साबणाने धुवायचे. तासभर तिथे पाणी नको, दुसरं क्रीम नको, आणि नातवंडांना त्या जागेचा स्पर्श नको, माझा नातू कडेवर येतो म्हणून मी मांडीवरच लावते. जेलमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून लावल्या लावल्या देवापुढे दिवा लावायला किंवा गॅसपाशी जाऊ नका. पावसाळ्यात अंग चिकट असतं, तेव्हा पंख्याखाली बसून थोडा जास्त वेळ द्या. पॅचवाल्यांना घामाने पॅच सुटायचा त्रास होतो, हे आपल्या हवेत लक्षात ठेवा.

आता जाऊबाईंचं. त्यांचा खरा त्रास वाफांचा नव्हताच, खालचा कोरडेपणा, जळजळ आणि दर दोन महिन्यांनी लघवीचं इन्फेक्शन, आणि हे त्या कुणाला सांगायच्याच नाहीत, अँटिबायोटिक खात राहायच्या. त्यांना डॉक्टरांनी योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं, पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. यातलं रक्तात फारच थोडं जातं, त्यामुळे साठ आणि दहाचा नियम इथे तसा लागत नाही, सत्तरीतही सुरू करता येतं आणि यासाठी वेगळं प्रोजेस्टेरॉनही सहसा लागत नाही. वारंवारचं इन्फेक्शन यानेही कमी होतं. आपल्या आया-सासवांना हे कुणी सांगितलंच नाही याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून तुम्ही तुमच्या घरातल्या मोठ्या बायकांना नक्की विचारा, लाज बाजूला ठेवून.

सुरू केल्यावर पहिल्या दोन-चार आठवड्यांत फरक जाणवायला लागतो, पूर्ण अंदाज यायला तीन महिने द्या, मधेच मनाने डोस वाढवू नका. छाती दुखरी होणं, पोट फुगणं, थोडं स्पॉटिंग हे सुरुवातीला चालतं. सहा महिन्यांनंतरही स्पॉटिंग असेल किंवा कधीही भरपूर जात असेल तर दाखवा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यात वाट बघायची नाही, थेट १०८ ला फोन.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर हाडांच्या डॉक्टरांना एचआरटी चालू आहे हे आवर्जून सांगा, कारण पडून राहण्याने गुठळीचा धोका वाढतो आणि गोळी असेल तर काही आठवडे आधी थांबवायला सांगू शकतात. मुलाकडे अमेरिकेला जायचं असेल तर इतक्या लांबच्या विमानप्रवासाबद्दलही आधी विचारून घ्या.

तीन महिन्यांनी पहिली व्हिजिट, मग दरवर्षी एकदा, बीपी आणि परत तोच प्रश्न, अजून गरज आहे का. मॅमोग्राफी किती दिवसांनी ते डॉक्टर सांगतील. आणि औषध संपू देऊ नका, माझा सगळा घोळ तिथूनच झाला होता. आता स्ट्रिपमध्ये दहा कॅप्सूल उरल्या की मी मेडिकलमध्ये फोन करते, आणि चिठ्ठीवरची दोन्ही औषधं एकदमच आणते.