स्पॅनिश पिक्चर घरी बघताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत मित्राच्या घरी दर रविवारी आमचं चार-पाच जणांचं टोळकं जमतं, सकाळी मिसळ आणि मग बाहेरच्या देशाचा एक पिक्चर. नवीन आलेला गडी बऱ्याचदा अर्ध्यातच "हे आपल्याला झेपत न्हाई भावा" म्हणून उठतो. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा पिक्चर चांगलाच असतो, आपण तो चुकीच्या पद्धतीनं लावलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक डबिंगची. डिस्क घातली की कधीकधी इंग्रजी ऑडिओ आपोआप लागतो आणि लोक तसंच बघत बसतात. आधी ऑडिओ स्पॅनिश करा, कारण आवाज हा निम्मा अभिनय असतो. मग सबटायटल बघा. इंग्रजीचे दोन पर्याय दिसले तर दोन्ही तपासा, काही डिस्कवर त्यातला एक डबिंगवरून उतरवलेला असतो, म्हणजे ओठांना जुळावं म्हणून बदललेले संवाद, आणि मग पात्र बोलतंय एक आणि खाली दुसरंच. मेक्सिकन दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोला आपल्या आधीच्या पिक्चरचे सबटायटल इतके खटकले होते की 'पॅन्स लॅबिरिंथ'चे (२००६) इंग्रजी सबटायटल त्यानं स्वतःच लिहिले. आणि स्पॅनिशसुद्धा एक नाही बरं का. 'रोमा' (२०१८) मेक्सिकोचा, स्पेनमध्ये नेटफ्लिक्सनं त्याला स्पेनच्या बोलीतले सबटायटल दिले, तेव्हा दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन जाम भडकला आणि शेवटी ते काढावे लागले. आपल्या "काय करालायस"च्या खाली कुणी "काय करतो आहेस" असं छापलं तर आपल्याला कसं वाटेल, तसंच ते.

सबटायटल मागंपुढं होत असतील तर व्हीएलसी या कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी दाबलं की ते आधी येतात, एच दाबलं की उशिरा. पण सुरुवातीला बरोबर आणि पुढं पुढं वाढत जाणारा फरक असेल तर बटणं दाबून उपयोग नाही, ती सबटायटलची फाईल दुसऱ्या स्पीडच्या कॉपीची आहे. पॅल (युरोपातली आणि आपल्याकडची टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवर पिक्चर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमनं पळतो, त्यामुळं १०० मिनिटांचा पिक्चर ९६ मिनिटांत संपतो. सरळ दुसरी फाईल शोधा.

कुणी स्पेनहून डिस्क आणणार असेल तर आधी रिजन विचारा, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते त्याचा कोड. डीव्हीडीला भारत ५, स्पेन २, मेक्सिको-अर्जेंटिना ४. ब्लू-रेला आपण सी, स्पेन बी, मेक्सिको ए. आमच्या एकाच्या भावानं माद्रिदहून हौसेनं तीन डिस्का आणल्या, एकही प्लेअरवर चालली नाही, कॉम्प्युटरवर लावली तर इंग्रजी सबटायटलच नव्हते. आणि कॉम्प्युटरच्या ड्राईव्हचा रिजन फक्त ५ वेळा बदलता येतो, मग कायमचा लॉक, म्हणून उगाच खेळू नका.

जुना पिक्चर टीव्हीभर ताणू नका. दिग्दर्शक बुन्युएलचा 'लोस ओल्विदादोस' (१९५०) जवळपास चौकोनी आहे, ताणला की पोरांची तोंडं भाकरीएवढी रुंद होतात. रिमोटवरनं ४:३ करा, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू देत.

'सिटी ऑफ गॉड' ब्राझीलचा, म्हणजे पोर्तुगीज, तो स्पॅनिशच्या यादीत घालू नका. आणि 'पॅन्स लॅबिरिंथ'चं कव्हर परीकथेचं दिसतं म्हणून पोरांना लावून देऊ नका, तो १९४४ च्या स्पेनमधला आहे, त्यातली मारहाण मोठ्यांनाही बघवत नाही. सुरुवात करायचीच तर 'द सीक्रेट इन देअर आईज' (२००९) लावा, अर्जेंटिनाचा खुनाचा तपास आहे, कुणीच उठत नाही.

शेवटची चूक, एक्स्ट्राज म्हणजे डिस्कवरच्या जादाच्या गोष्टी न उघडणं. युनिव्हर्सलच्या 'ड्रॅक्युला'च्या (१९३१) ब्लू-रेवर एक अख्खा स्पॅनिश 'ड्राकुला' आहे, त्याच सेटवर रात्री, वेगळे नट घेऊन काढलेला, इंग्रजीपेक्षा जवळजवळ अर्धा तास मोठा. १९३२ ला प्रभातनं इथं कोल्हापुरातच 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दोनदा काढला होता, त्यामुळं हे बघताना आम्हाला तर लई जवळचं वाटलं.