रॉ फाइल उघडेना म्हणून कार्ड फॉरमॅट करू नका

मी बेळगावच्या शहापुरात, घराच्या माडीवर, लग्नाच्या अल्बमचं काम करते. खाली दीरांचे माग चालतात, वर माझे दोन कॉम्प्युटर. फोटो मी काढत नाही. खानापूर, निपाणी, चंदगड, बैलहोंगल इथले फोटोग्राफर हार्डडिस्क आणून देतात, मी रंग नीट करते आणि अल्बमची पानं लावते. प्रत्येकाचा कॅमेरा वेगळा, त्यामुळे रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल, उघडत नाही ही तक्रार लग्नसराईत माझ्याकडे येतेच येते.

यंदा वैशाखात जांबोटीकडच्या एका लग्नाचे फोटो काढलेल्या पोराचा सकाळी सातला फोन. "अक्का, फोटो उघडिना झालेत. दुकानात दाखवलो, कार्ड गेलंय म्हणाले. फॉरमॅट करून रिकव्हरी मारू काय?" त्याचा आवाज रडवेला झाला होता. मी म्हटलं, "कार्ड कॅमेऱ्यातनं काढ, त्याच्या कडेची लॉकची बारकी पट्टी सरकव आणि पहिल्या बसनं इकडं ये. त्यावर आता एकही फोटो काढू नकोस."

तो आला. कार्ड आधी माझ्या डिस्कवर उतरवून घेतलं. फोल्डर उघडला तर बारकी चित्रं सगळी दिसत होती. नवरीच्या मुंडावळ्या, हिरवा चुडा, हळदीनं माखलेली करवली, सगळं स्वच्छ. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावर मात्र फाइल ओळखता येत नाही असा निरोप. डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तेच.

इथंच बहुतेकजण फसतात. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानं स्वतः तयार केलेला एक जेपेग असतो. फोल्डरमधलं बारकं चित्र, फोटो निवडायच्या सॉफ्टवेअरमध्ये भराभर दिसणारं चित्र, अगदी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरचं चित्रसुद्धा, बहुतेक वेळा हा जेपेगच असतो. म्हणून तो दिसला म्हणजे रॉ शाबूत आहे असं समजू नका, आणि रॉ उघडली नाही म्हणजे कार्ड गेलं असंही समजू नका. खात्री करायची तर कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचंच सॉफ्टवेअर घ्या. त्या पोराचा कॅमेरा निकॉनचा, आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट मिळतं. त्यात आम्ही ती फाइल उघडली, शंभर टक्के मोठी केली, उजेड थोडा खाली-वर करून बघितला. मुंडावळ्यांचा मोती न् मोती वेगळा दिसला. पोरगा खुर्चीत मागं टेकला आणि पाणी मागितलं.

मग डार्कटेबलमध्ये अडलं कुठं? दाबण्याच्या पद्धतीत. लाइटरूमचं कारण पुढं सांगते. रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची आकडेवारी, आणि कार्डावर जागा वाचावी म्हणून कॅमेरा ती दाबून लिहितो. लॉसलेसमध्ये दाबलेलं परत उलगडलं की आकडा न् आकडा तसाच मिळतो. लॉसीमध्ये डोळ्याला सहसा न कळणारं थोडं कायमचं सोडून दिलेलं असतं. पण कोणत्या रीतीनं दाबलंय हे उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरला माहीत असावं लागतं. निकॉननं २०२१ साली झेड ९ मध्ये हाय एफिशियन्सी नावाची नवी रीत आणली. ती बेल्जियमच्या इंटोपिक्स कंपनीच्या टिकोरॉ तंत्रावर चालते. पुढं झेड ८, झेड एफ, झेड ६ थ्री यांतही ती आली. फाइलच्या नावाचं शेपूट पूर्वीसारखंच एनईएफ, आतली घडी मात्र वेगळी. त्या पोराच्या फाइली याच रीतीच्या होत्या, आणि माझ्याकडच्या डार्कटेबलला ती घडी उलगडता येत नाही. म्हणून "एनईएफ चालतं ना?" हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या कॅमेऱ्याचं आणि कुठल्या पद्धतीनं दाबलेलं, हे दोन्ही विचारा.

दोष कॅमेऱ्याच्या मॉडेलचा की दाबण्याच्या पद्धतीचा, हे ओळखायला पाच मिनिटं लागतात. त्याच कॅमेऱ्यावर एक फोटो लॉसलेसमध्ये काढा, एक हाय एफिशियन्सीमध्ये. पुन्हा सांगते, दुसऱ्या कार्डावर. दोन्ही तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. लॉसलेस उघडला आणि दुसरा अडला, तर पद्धत आडवी येतेय. दोन्ही अडले, तर सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला तो कॅमेराच ठाऊक नाही. कॅमेरा हाताशी नसेल तर एक्झिफटूल या फाइलच्या आतली माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती माहिती काढा. निकॉनच्या फाइलमध्ये एनईएफ कॉम्प्रेशन नावाची ओळ असते, तिच्यापुढं पद्धत स्पष्ट लिहिलेली दिसते.

माझं लाइटरूम एकदाच पैसे भरून घेतलेलं, ६ नंबरचं. त्याची शेवटची सुधारणा डिसेंबर २०१७ मध्ये आली, त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्यांशी त्याची ओळखच नाही. कॅननची सीआर३ फाइल २०१८ साली एम ५० कॅमेऱ्याबरोबर आली, तीही त्यात उघडत नाही, मग ती सी-रॉ, म्हणजे जास्त दाबलेली, असो की साधी रॉ. डार्कटेबलमध्ये सीआर३ चालायला ३.८ आवृत्ती यावी लागली, डिसेंबर २०२१ मध्ये. सोनीवाल्यांना वेगळं सांगायचंय: ए ७ थ्रीमध्ये लॉसलेस दाबण्याची सोयच नाही, एक तर लॉसी किंवा न दाबलेली. ए ७ फोरमध्ये तिन्ही आहेत. त्यामुळे जुन्या सोनीच्या फाइली वर्षानुवर्षं उघडत होत्या म्हणून नव्याच्या उघडतीलच असं धरून चालू नका.

आता उपाय. नवं सॉफ्टवेअर घेणं परवडत असेल तर घ्या. मला दर महिन्याचं भाडं परवडत नाही, म्हणून मी अडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर वापरते. ते रॉ फाइलचं डीएनजी या अडोबीच्या रॉ प्रकारात रूपांतर करतं. ते फुकट आहे, विंडोज आणि मॅकवर चालतं. सतत अद्ययावत होतं म्हणून नवे कॅमेरे त्याला कळतात, आणि ते फाइल अशा रूपात देतं की जुनं लाइटरूमही ती घेतं.

पहिल्यांदा वापरताना एका जागी हमखास अडायला होतं. ते फाइल मागत नाही, फोल्डर मागतं. आपण सवयीनं फोल्डरच्या आत शिरतो, आत काहीच दिसत नाही आणि फोटो गेले असं वाटून पोटात गोळा येतो. आत शिरू नका. फोल्डरवर एकदाच टिचकी मारा आणि निवडा. डीएनजी ठेवायला दुसरा रिकामा फोल्डर द्या.

मग खाली प्रेफरन्सेसमध्ये जा. कम्पॅटिबिलिटीच्या यादीत लाइटरूम ६ साठी 'कॅमेरा रॉ ७.१ आणि पुढे' हे निवडा. सर्वात नवं निवडलंत तर होणारी डीएनजी जुन्या सॉफ्टवेअरला कदाचित कळणारच नाही, आणि तुम्ही पुन्हा तिथंच. लॉसी कॉम्प्रेशनची चौकट रिकामी ठेवा. आधीच एकदा दाबलेलं पुन्हा दाबायचं नाही. मूळ रॉ पोटात ठेवायचा पर्यायही मी घेत नाही, फाइल फार फुगते. मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर असतातच.

आधी दहाच फोटो करून बघा. त्यात एक मांडवातल्या पिवळ्या उजेडातला, एक भर उन्हातला, एक अंधारातला घ्या. उघडून रंग, सावल्या, कडा तपासा, मगच अख्खा फोल्डर लावा. हाय एफिशियन्सीपासून लॉसलेस डीएनजी केली की फाइल मूळपेक्षा मोठी होते, तेव्हा डिस्कवर जागा आहे का ते आधी बघा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. मधेच बंद पडलं तर मी दोन्ही फोल्डरमधल्या फाइली मोजते आणि राहिलेल्याच पुन्हा लावते.

एनएक्स स्टुडिओतून टिफ प्रकारची फोटो फाइल काढायचा दुसरा रस्ताही आहे. पण २४.५ मेगापिक्सेलचा सोळा बिटचा टिफ न दाबता साधारण १४७ एमबी होतो: प्रत्येक पिक्सेलला तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट. शिवाय व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंगाचा तोल, त्यात पक्का होऊन बसतो. लग्नाच्या पाचसात निवडक फोटोंना ठीक, हजार फोटोंना नको.

नाव बदलून सीआर३ चं सीआर२ करणारेही माझ्याकडे येतात. त्यानं काही साधत नाही, आतली घडी तशीच राहते. मूळ फाइलीशी असले खेळ करूच नका, कॉपीवर करा.

माझ्याकडे काम देणाऱ्या प्रत्येक फोटोग्राफरला मी आता सुपारीआधीच एक नमुना फोटो मागते. घरातल्या तुळशीचा काढला तरी चालतो, पण त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर, जे लग्नात वापरणार तेच. झेड ८ किंवा झेड एफ असेल तर फोटो शूटिंग मेनूत रॉ रेकॉर्डिंगमध्ये लॉसलेस कॉम्प्रेशन लावायला सांगते, डार्कटेबलला ते चालतं. कार्डं जास्त लागतात हे खरं, त्याचा हिशेब यजमानांशी बोलताना धरा. आणि जागा वाचवायला हाय एफिशियन्सीच हवं असेल तर तेही चालेल, फक्त मला आधी कळवा, म्हणजे रूपांतराचा एक दिवस मी धरून ठेवते.

जांबोटीच्या त्या लग्नाच्या डीएनजी दुपारपर्यंत तयार झाल्या, संध्याकाळी रंगाचं काम सुरू केलं. मूळ कार्ड मात्र त्या पोराला मी दिलं नाही. अल्बम छापून नवरीच्या आईच्या हातात पडेपर्यंत ते पाकिटात, वर लग्नाची तारीख लिहून, माझ्या कपाटात होतं.