घरात दोन भाषा आहेत? मुलं दोन्ही बोलतील असं कसं बघावं

नाशिकमध्ये दोन भाषांची घरं काही कमी नाहीत. सिडकोत अहिराणी बोलणारी आजी आणि नातवाला "असं गावाकडचं नको बोलू" म्हणणारी सून, ओझरला एचएएलमुळे आलेली कुटुंबं, सातपूर-अंबडला एमआयडीसीमुळे आलेली. मी स्वतः मराठी-गुजराती घरातली, पप्पा पंचवटीतले आणि मम्मी सुरतची, म्हणून उदाहरणं त्यातलीच देतेय, पण तुमच्याकडे तेलुगू असो नाहीतर भोजपुरी, गणित सेमच आहे. भाषा शिकवणी लावून येत नाही, त्या भाषेवाचून मुलाचं काहीतरी अडलं पाहिजे. बाकी सगळं याच एका गोष्टीसाठी करायचं.

१. कोण कोणाशी काय बोलणार ते आधी ठरवा. एका पालकाने एकच भाषा बोलायची ही पद्धत जुनी आहे, ज्यूल रोंजा नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञाने १९१३ साली स्वतःच्या मुलाबद्दल लिहिलं होतं, बाप फ्रेंच बोलायचा आणि आई जर्मन. पण तेवढ्याने काम होतंच असं नाही. आनिक द हाउवर यांनी २००७ साली बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या जवळपास १,९०० कुटुंबांचा अभ्यास छापला, त्यात साधारण चारातल्या एका घरातली मुलं बाहेरची भाषाच बोलत होती, घरातली दुसरी नाही. जिथे घरात दोघंही पालक ती दुसरी भाषाच बोलायचे तिथे मात्र मुलं जवळजवळ सगळीकडे बोलत होती. म्हणजे नाशिकच्या घरात नवऱ्याला मोडकंतोडकं गुजराती येत असेल तर त्यानेही तेच बोलावं, लाजू नये. मराठीची काळजी नको, ती शाळेच्या व्हॅनमध्ये, पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना, भाजीवाल्याशी घासाघीस करताना कानावर पडतेच, तिला कोणी अडवू शकत नाही.

२. ज्याच्याशी घरातल्या त्या भाषेवाचून चालतच नाही असा माणूस शोधा. बहुतेक घरांत तो असतोच, आजी किंवा नानी. पण रविवारचा व्हिडिओ कॉल म्हणजे "नानीला जय श्रीकृष्ण बोल बेटा" आणि मूल पळालं, त्याने काही होत नाही. मुलाला काम द्या. आमच्याकडे हांडवो करायचा म्हटलं की मम्मी मलाच नानीला फोन करायला लावायची, डाळ-तांदूळ किती, दही किती आंबट, दुधी किसून पिळायचा का तसाच घालायचा, आणि नानी कधीच माप सांगायची नाही, "अंदाजे" म्हणायची, मग माझे उलट प्रश्न सुरू, वाटी म्हणजे कुठली वाटी, तुझी की आमची. अर्धा तास गुजराती बोलणं झालेलं असायचं आणि कोणी "चल आता गुजरातीत बोल" म्हणालेलं नसायचं.

३. उत्तर मराठीत आलं तर रागवू नका. तीन-चार वर्षांचं झालं की मूल हे करणारच, कारण त्याला कळतं की तुम्हाला दोन्ही समजतं. ते म्हणालं "मला पाणी पाहिजे", की तुम्ही म्हणा "पाणी जोईए छे? ठंडुं के सादुं?" आणि थांबा. दोन पर्याय दिले की उत्तरात त्यातला एक शब्द तरी येतोच. "नीट बोल" म्हणालात तर संपलं. आणि पाहुण्यांसमोर बोलून दाखवायला लावणं तर अजिबातच नको, त्याने मूल कायमचं बिथरतं.

४. खिचडी भाषेला घाबरू नका. एका वाक्यात दोन भाषा आल्या म्हणजे मूल गोंधळलं असं नसतं, ज्या भाषेतला शब्द आधी सुचला तो आला, मोठी माणसं हेच दिवसभर करतात. दोन भाषांमुळे बोलणं लांबतं हाही गैरसमजच. दोन वर्षांच्या मुलाचे शब्द मोजायचे असतील तर दोन्ही भाषांचे मिळून मोजा, आणि तरी फारच कमी वाटले तर कान तपासून घ्या, डॉक्टरांना दाखवा, भाषा बंद करू नका. (शाळेतून "घरी फक्त इंग्लिश बोला" अशी सूचना येते कधीकधी. हो म्हणायचं आणि घरी यायचं.)

५. लिपी सावकाश. देवनागरी पक्की होऊ द्या, मग गुजराती म्हणजे सुट्टीतलं काम आहे. ग, प, म, न यांच्या डोक्यावरची रेघ पुसली की झालं, क, ख, ज, झ, ब अशी काही अक्षरं वेगळी शिकायची. पुस्तकापेक्षा फरसाणचं पाकीट आणि मामाचे व्हॉट्सॲप मेसेज बरे. पुढे वाचायची गोडी लागली तर दोन्हीकडचं वाचू द्या, काकासाहेब कालेलकर साताऱ्यात जन्मलेले मराठी माणूस, पण गुजरातीत असं लिहिलं की गांधीजी त्यांना "सवाई गुजराती" म्हणायचे.

६. सण वाटून घेऊ नका, दोन्ही करा. नवरात्रात कालिकेची यात्राही आणि गरबाही. संक्रांतीला गच्चीवर मामेभावंडं आली की "काप्यो छे!" ओरडायला कोणाला शिकवावं लागत नाही.

७. मे महिन्यात मुलांना आजोळी एकटं पाठवा. तुम्ही सोबत गेलात की मूल तुमच्यामार्फत बोलतं. आणि मामाला आधीच फोन करून बजावून ठेवा, कारण होतं काय, नाशिकचा भाचा आलाय, त्याला सोपं जावं म्हणून सगळं घर प्रेमाने हिंदी सुरू करतं आणि पोरगं महिनाभराने हिंदी पक्कं करून परत येतं. मामी ऐकेल, मामाला दोनदा सांगावं लागेल.